दुसऱ्या पक्षाची लेखणी

कथा-कादंबरीची चर्चा निघाली म्हणजे 'संघर्ष' हा शब्द आपल्याकडे इतका सहज उच्चारला जातो की, त्याचा नेमका अर्थ विचारण्याची गरज कुणास वाटेनाशी झाली आहे. संघर्षावाचून कथानक नाही आणि कथानकावाचून कादंबरी नाही, हे सूत्र मराठी वाचकाच्या चांगले अंगवळणी पडले आहे. ना. सी. फडके यांचे 'प्रतिभासाधन' १९३१ साली प्रसिद्ध झाले. तेव्हापासून गुंतागुंत, उत्कंठा आणि उकल यांची परिभाषा आपल्या कथाविचारात रुजली, आणि तिचा उपयोगही झाला. परंतु या परिभाषेत एक गृहीत गोष्ट दडलेली आहे. संघर्ष म्हणजे लेखकाने हेतुपुरस्सर मारलेली गाठ, आणि ती सोडविण्याचा अधिकारही त्याचाच, असे ते गृहीत आहे. घरातील कलहाला हे लागू पडत नाही. घरातील गाठ कुणी हेतुपुरस्सर मारलेली नसते, तिच्यात परमोत्कर्षाचा क्षण सहसा येत नाही, आणि रात्री कितीही निर्वाणीचे बोलणे झाले तरी सकाळी चूल पेटवावीच लागते. तिची उकल होत नाही. तिच्यासह माणसे राहावयास शिकतात.

लेखक हा एकाच वेळी या दोन्ही ठिकाणी उभा असतो. कादंबरीत तो न्यायाधीश असतो. वादी आणि प्रतिवादी या दोघांचेही म्हणणे त्याला ऐकून घ्यावे लागते, किंबहुना दोघांचेही म्हणणे त्यालाच मांडावे लागते. घरी मात्र तो त्या दाव्यातील एक पक्षकार असतो. सरकारी कामकाजाशी ज्यांचा नित्याचा परिचय आहे त्यांना सांगावयास नको की, ज्या प्रकरणात आपण स्वतःच पक्षकार आहोत त्यावर आपणच शेरा मारू नये, असा संकेत आहे. लेखकाला ही सोय नाही. दिवसभर ज्याने आपल्या पात्रांना निःपक्षपाती न्याय दिला, तोच संध्याकाळी स्वतःच्या प्रकरणात स्वतःच्या बाजूने बोलत असतो. मग प्रश्न असा पडतो की, पुस्तकातील न्यायबुद्धी आणि घरातील पक्षपात यांचे एकमेकांशी काही नाते असते काय? बहुधा या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, कारण लेखकाचे पुस्तक बोलते आणि घर मुके राहते. ज्या थोड्या ठिकाणी घरही बोलले आहे त्यांपैकी एक उदाहरण आपल्या या लखनौशी निगडित आहे, आणि ते प्रेमचंदांचे आहे.

मराठी माणसाला लखनौ आठवते ते विष्णु नारायण भातखंडे यांच्या संगीत महाविद्यालयामुळे. ते १९२६ साली येथे स्थापन झाले. पुढल्याच वर्षी, १९२७ मध्ये, प्रेमचंद नवलकिशोर प्रेसच्या 'माधुरी' मासिकाच्या संपादनासाठी लखनौत आले आणि सुमारे चार वर्षे त्या कामात राहिले. त्यापूर्वीही दुलारेलाल भार्गवांच्या गंगा पुस्तकमालेच्या कामानिमित्त त्यांचे काही काळ येथे वास्तव्य झाले होते. वाजिदअली शाहाच्या काळातील लखनौवरील त्यांची 'शतरंज के खिलाडी' ही कथा १९२४ ची. प्रगतिशील लेखक संघाची पहिली परिषद एप्रिल १९३६ मध्ये याच शहरात भरली तेव्हा तिचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले, आणि त्याच वर्षी ८ ऑक्टोबर रोजी काशीस त्यांचे निधन झाले. 'गोदान' ही त्यांची शेवटची पूर्ण कादंबरी, तीही १९३६ मधलीच. तिचे अर्धे कथानक अवधच्या एका खेड्यात आणि अर्धे लखनौत घडते. म्हणजे हे शहर त्यांच्या चरित्रात आहे तसेच त्यांच्या कलाकृतीतही आहे.

आता घराकडे पाहू. प्रेमचंदांचा, म्हणजे धनपतराय यांचा, जन्म १८८० सालचा. आई लहानपणीच गेली आणि घरात सावत्र आई आली. वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास त्यांचे लग्न लावून देण्यात आले. ते लग्न सुखाचे झाले नाही. पत्नी माहेरी गेली आणि पुन्हा कधी नांदावयास आली नाही. १९०६ साली त्यांनी फत्तेपूर जिल्ह्यातील शिवरानीदेवी या बालविधवेशी विवाह केला. त्या काळी विधवाविवाह करणे ही धैर्याची गोष्ट होती, आणि चरित्रकारांनी तिचे योग्य ते कौतुक केले आहे. परंतु या धैर्याच्या तळाशी एक परित्यक्ता स्त्री होती, ही गोष्टही तितकीच खरी. एका स्त्रीला न्याय आणि दुसरीवर अन्याय, अशी ही गाठ या संसाराच्या पायातच पडलेली होती.

ही गोष्ट आपणांस कळते ती कुणा विरोधकाकडून नव्हे. खुद्द शिवरानीदेवींनीच ती लिहून ठेवली आहे. 'प्रेमचंद : घर में' हे त्यांचे पुस्तक १९४४ साली निघाले. थोर पुरुषाच्या पत्नीने लिहिलेल्या आठवणी म्हटल्या की, ज्या प्रकारचे लेखन आपल्या डोळ्यांपुढे येते, त्याहून हे पुस्तक फार निराळे आहे. त्यात आरती नाही, गाऱ्हाणेही नाही. त्यात पानोपानी आहेत ती संभाषणे. नवरा-बायको बोलत आहेत, वाद घालीत आहेत, एकमेकांना टोचून बोलत आहेत आणि पुन्हा समजुतीवर येत आहेत. पहिली पत्नी मरण पावली, अशी समजूत आपणांस करून देण्यात आली होती, पुढे ती जिवंत असल्याचे कळले, तिला घरी आणावे असा आग्रह आपण धरला आणि तो मानला गेला नाही, हे सर्व त्यांनी सरळ सांगितले आहे. अखेरच्या आजारात पतीने पूर्वायुष्यातील एका दुसऱ्या स्त्रीसंबंधाची कबुली दिली, तेव्हा ते आपणांस आधीच ठाऊक होते असे आपण त्यांना सांगितले, हेही त्यांनी लपविलेले नाही. एवढे सांगूनही पुस्तक संपते तेव्हा वाचकाच्या मनातील प्रेमचंद लहान होत नाहीत. एका लेखकाच्या घरात त्याच्याशी तुल्यबल असा दुसरा पक्ष नांदत होता, ही जाणीव मात्र पक्की होते.

या दुसऱ्या पक्षाचे बळ कोणत्या प्रसंगांत दिसते? पहिला प्रसंग नोकरीचा आहे, आणि सरकारी नोकरीत आयुष्य घालविणाऱ्या वाचकाला तो अधिक जवळचा वाटावा. प्रेमचंद शिक्षणखात्यात होते. 'सोज़े वतन' या त्यांच्या उर्दू कथासंग्रहावर सरकारची वक्रदृष्टी वळली तेव्हा ते हमीरपूर जिल्ह्यात शाळा-तपासनिसाचे काम करीत होते. जिल्हाधिकाऱ्यापुढे हजर राहून त्यांना शिल्लक प्रती स्वाधीन कराव्या लागल्या, आणि त्यानंतर 'नवाबराय' हे टोपणनाव टाकून १९१० मध्ये त्यांनी 'प्रेमचंद' हे नाव घेतले. लेखक आणि नोकर यांतील हा झगडा आणखी दहा वर्षे चालला. ८ फेब्रुवारी १९२१ रोजी गोरखपूर येथे गांधीजींचे भाषण झाले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत प्रेमचंदांनी राजीनामा दिला. चरित्रात हे वाक्य एका ओळीत संपते. घरात ते तसे संपले नाही. वीस वर्षांची नोकरी सोडावयाची, पदरी लेकरे, त्याच वर्षी अमृतराय यांचा जन्म व्हावयाचा, आणि पतीची प्रकृती तोळामासा. शिवरानीदेवींनी लगेच होकार दिला नाही. त्यांनी विचाराला काही दिवस घेतले आणि मग रुकार दिला. त्या काही दिवसांत राजीनाम्याचा खरा संघर्ष आहे. सभेतील टाळ्यांच्या गजरात राजीनामा देणे तुलनेने सोपे असते. ज्या व्यक्तीला उद्या पिठाचा डबा उघडावयाचा आहे तिच्यापुढे तो निर्णय मांडणे अवघड असते.

दुसरा प्रसंग कोटाचा आहे आणि तो बराच प्रसिद्ध आहे. थंडीसाठी गरम कपडे करून घ्यावे म्हणून शिवरानीदेवींनी पतीच्या हाती पैसे दिले. ते त्यांनी छापखान्यातील कामगारांना वाटून टाकले. असे एकदा नव्हे, दोनदा झाले. ही हकीकत सांगितली जाते ती प्रेमचंदांच्या दयाळूपणाचा दाखला म्हणून, आणि तो दाखला खोटा नाही. परंतु समीक्षकाने ती दुसऱ्या बाजूनेही वाचली पाहिजे. ते पैसे घरखर्चातून काटकसरीने शिल्लक टाकलेले होते. जो कोट आला नाही त्याची काळजी रात्री खोकला ऐकणाऱ्या पत्नीला वाहावी लागत होती. लेखकाची करुणा ही त्याची एकट्याची मिळकत नसते. तिचा अर्धा खर्च घर सोसत असते, आणि त्या खर्चाची नोंद कुठल्याही साहित्येतिहासात होत नाही. शिवरानीदेवींच्या पुस्तकात ती झाली आहे.

तिसरा प्रसंग लखनौचा आहे. १९३० साली सविनय कायदेभंगाच्या चळवळीत परदेशी कापडाच्या दुकानांवर निरोधने चालली होती. पतीने तुरुंगात जाण्याचा विचार करावा आणि त्यांची प्रकृती तुरुंग सोसणार नाही अशी पत्नीला भीती वाटावी, असे ते दिवस होते. शिवरानीदेवींनी हा पेच आपल्या पद्धतीने सोडविला. त्या स्वतःच चळवळीत उतरल्या आणि त्या वर्षाच्या अखेरीस निरोधन करताना पकडल्या जाऊन दोन महिन्यांची शिक्षा भोगून आल्या. देशभक्तीची कथा लिहिणारा घरी राहिला आणि ती वाचणारी तुरुंगात गेली. याच सुमारास प्रेमचंदांनी 'पत्नी से पति' ही कथा लिहिली. तिच्यात साहेबी थाटाचा एक सरकारी नोकर आणि स्वदेशीवर निष्ठा असणारी त्याची पत्नी गोदावरी यांचा कलह आहे. अखेरीस पती तिच्या बाजूला येतो. कथा म्हणून ती सामान्यच आहे. नवऱ्याची बाजू इतकी हास्यास्पद करून ठेवली आहे की, संघर्षाला वजनच उरत नाही. नोकरी टिकविण्यामागे भ्याडपणा असतो तशी जबाबदारीही असू शकते, हे त्या कथेला ठाऊक नाही. घरात घडलेला प्रसंग मात्र असा एकेरी नव्हता. तेथे दोघेही एकाच बाजूचे होते, दोघांनाही एकमेकांचा जीव वाचवावयाचा होता आणि तरीही दोघे एकमेकांच्या आड येत होते. खरा संघर्ष असा असतो.

येथे आपण या लेखाच्या मुद्द्याशी येतो. कथेतील संघर्ष किती तीव्र आहे, त्यात रक्तपात किती आणि अश्रू किती, ही त्याची कसोटी नव्हे. ज्याचा पराभव होतो त्याच्याही बोलण्यात तथ्य आहे काय, ही कसोटी आहे. दुसरा पक्ष जेथे पूर्ण बळाने बोलतो तेथे संघर्ष असतो. जेथे तो बोलतच नाही तेथे फक्त अन्याय असतो, आणि अन्यायाचे वर्णन कितीही हृदयद्रावक असले तरी त्याला संघर्ष म्हणता येत नाही. या कसोटीवर प्रेमचंदांचे लेखन लावून पाहिले म्हणजे त्याची वाढ कशी झाली, आणि ते कोठे खुंटले, हे दोन्ही दिसू लागते.

१९१० मधील 'बडे घर की बेटी' ही कथा घ्या. मांसात सगळे तूप संपले, वरणाला उरले नाही, एवढ्या कारणावरून दीर आपल्या वहिनीला खडाऊ फेकून मारतो. नवरा घर सोडून निघण्याची भाषा करतो, आणि शेवटी आनंदी, तीच वहिनी, दिराला थांबवून घर सांधते. कलहाचे कारण इतके क्षुल्लक आणि इतके खरे आहे की, एकत्र कुटुंबात वाढलेल्या कुणाही वाचकाला ते पटावे. पण उकल पाहिली तर ती सर्वस्वी सुनेच्या समंजसपणावर टाकलेली आहे. जिला मार बसला तिनेच क्षमा करावयाची आणि तिच्या क्षमेची गावाने वाहवा करावयाची. लेखकाने येथे घर वाचविले, परंतु दुसऱ्या पक्षाला बोलू दिले नाही.

पुढे 'निर्मला' येते. १९२५-२६ मध्ये ती 'चाँद' या मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. हुंड्याअभावी एका प्रौढ बिजवराला, तोताराम वकिलाला, दिलेली पोरसवदा निर्मला ही तीन सावत्र मुलांची आई होते. थोरल्या मुलाविषयी आणि तिच्याविषयी नवऱ्याच्या मनात संशय शिरतो आणि त्या संशयात ते घर उद्ध्वस्त होते. ही कादंबरी लिहिणारा मनुष्य स्वतः सावत्र आईच्या हाताखाली वाढला होता, ही गोष्ट येथे लक्षात घेतली पाहिजे. त्याच्या स्वतःच्या घरातल्या जुन्या दाव्यात सावत्र आई हा प्रतिपक्ष होता. सामान्य लेखकाने अशा वेळी पोरक्या मुलाच्या बाजूने कैफियत लिहिली असती आणि वाचकांना रडविले असते. प्रेमचंदांनी कादंबरी लिहिली ती सावत्र आईच्या अंतःकरणात शिरून. आपल्या प्रतिपक्षाचे वकीलपत्र त्यांनी स्वतः घेतले. कादंबरीच्या अखेरीस मृत्यूंची जी रांग लागते ती कलादृष्ट्या दोषास्पद आहे, हे मान्य करूनही ही गोष्ट मोठी म्हटली पाहिजे. घरातील संघर्षाचे कलेत रूपांतर होते म्हणजे काय होते, याचे उत्तर येथे सापडते. घरात ज्याचे ऐकता आले नाही त्याचे कागदावर ऐकणे, हे ते उत्तर होय.

'गोदान'मध्ये हे ऐकणे परिपक्व झालेले दिसते. होरी आणि धनिया यांचे भांडण हा त्या कादंबरीचा कणा आहे. होरी मर्यादेला जपणारा, भाऊबंदकीच्या अब्रूसाठी कर्ज काढणारा, सर्वांपुढे वाकणारा. धनिया तिखट, बेधडक आणि बहुतेक वेळा बरोबर. होरीची गाय मरते. भाऊ हिरा याने तिला विष घातल्याचा संशय होरीनेच घरात बोलून दाखविलेला असतो. धनिया ते गावभर करते, तेव्हा होरी तिला मारतो आणि पोराच्या डोक्यावर हात ठेवून खोटी शपथ घेतो. पुढे दारोगा तपासाला येतो. भावाच्या घराची झडती टळावी म्हणून होरी लाच देण्यासाठी रुपये उसने घेतो, तेव्हा धनिया ते हिसकावून जमिनीवर उधळते आणि दारोगाच्या तोंडावर खरे बोलते. या प्रसंगात कोण चूक आहे? धनिया न्यायाने बरोबर आहे. पण भावाला तुरुंगात न धाडण्याची होरीची धडपडही नुसता दुबळेपणा नव्हे. त्या धडपडीत एका संपूर्ण समाजाची नीती बोलते आहे. दोघांच्याही बोलण्यात वजन आहे म्हणूनच तो प्रसंग वाचकाला पुढे कित्येक दिवस सोडीत नाही. 'बडे घर की बेटी'मध्ये स्त्री नमली आणि घर वाचले. 'गोदान'मध्ये स्त्री नमत नाही आणि घर वाचतही नाही. अखेरीस सुतळी विकून आलेले वीस आणे, म्हणजे सव्वा रुपया, मरणाऱ्या नवऱ्याच्या हातात ठेवून हेच त्याचे गोदान, असे तीच ब्राह्मणाला सांगते. या दोन टोकांत सव्वीस वर्षांचे अंतर आहे आणि या सव्वीस वर्षांत लेखकाच्या घरी शिवरानीदेवी बोलत होत्या. धनिया म्हणजे शिवरानीदेवी असे समीकरण मांडण्याचा मोह येथे आवरला पाहिजे, कारण कलेत अशी समीकरणे नसतात. एवढेच म्हणता येईल की, विरोधी स्वर ऐकण्याची ज्या कानाला रोजची सवय आहे त्यालाच धनियाचा आवाज इतका स्वच्छ ऐकू येतो.

परंतु त्याच 'गोदान'मधील लखनौकडे वळले की चित्र पालटते. येथे गिरणीमालक खन्ना आणि त्यांची पत्नी गोविंदी यांचा संसार आहे. खन्ना मालतीच्या मोहात पडले आहेत. पत्नीची ते अवहेलना करतात, तिच्यावर हातही टाकतात. गोविंदी सुशिक्षित आहे. ती कविता करते, नवरा त्या कवितांची थट्टा करतो आणि कधी कधी त्या फाडून टाकतो. तिच्या कवितेत दुःख आहे, एवढेच लेखक आपणांस ओझरते सांगतो. तिची एखादी ओळही आपल्यापर्यंत येत नाही. तिच्याविषयी बोलतात ते प्राध्यापक मेहता. तिच्यात त्यांना सेवा आणि त्याग यांची मूर्ती दिसते. महिलांच्या सभेत व्याख्यान देऊन ते स्त्रीधर्माचा जो आदर्श मांडतात तोही याच साच्याचा आहे. एके दिवशी घर सोडून बाहेर पडलेली गोविंदी मेहतांची स्तुती ऐकून परत जाते. पुढे गिरणी आगीत भस्मसात होते आणि मग खन्नांना पत्नीची किंमत कळते. म्हणजे हा कलह सुटतो तो आगीने, संवादाने सुटत नाही. होरीच्या झोपडीत जी कला इतकी निर्भय आहे ती खन्नांच्या बंगल्यात एकाएकी उपदेशक का बनते? अनेक समीक्षकांनी याचे कारण प्रेमचंदांना नागर जीवनाचा अनुभव कमी होता, असे दिले आहे. ते कारण अपुरे वाटते. लखनौ त्यांनी वर्षानुवर्षे पाहिले होते. खरे कारण असे दिसते की, गोविंदीला त्यांनी देवी केले, आणि देवीला कुणी प्रश्न विचारीत नाही, म्हणून तिला उत्तरही द्यावे लागत नाही. पूजा हा दुसऱ्या पक्षाला गप्प बसविण्याचा सर्वांत सभ्य मार्ग आहे.

फाटलेल्या कवितांचे हे चित्र पाहताना त्या पहिल्या पत्नीची आठवण झाल्यावाचून राहत नाही. एका घटनेतून दुसरी निघाली, असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. साम्य आहे ते एवढेच की, दोन्ही ठिकाणी एक स्त्री आहे, तिच्याविषयी इतर बोलतात आणि ती स्वतः बोलत नाही. पहिल्या पत्नीचे दिसणे, तिचा स्वभाव, तिची वागणूक यांविषयी आपणांस जे कळते ते नवऱ्याकडून आणि नवऱ्याच्या बाजूच्या माणसांकडून. तिची कैफियत कुणी नोंदवून घेतली नाही. तिच्या बाजूने एकच व्यक्ती बोलली आणि ती म्हणजे तिची सवत. हिंदी वाङ्मयातील एका थोर कादंबरीकाराच्या घरात ही कादंबरी अलिखित राहिली, आणि तिचा जेवढा सांगाडा आपल्या हाती आहे तेवढाही शिवरानीदेवींच्या न्यायबुद्धीमुळे आहे. स्वतःच्या हिताविरुद्ध साक्ष देणारा साक्षीदार विश्वसनीय मानावा, असे कायदा सांगतो. साहित्यानेही ते मानावयास हरकत नाही.

मराठी वाचकाला हा सगळा प्रकार अपरिचित वाटू नये. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली. रेव्हरंड टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा जे घर दुभंगले, आणि पुढे काही वर्षांनी जे सांधले, त्याची ती कहाणी आहे. टिळकांच्या हाती दिलेला पैसा घरी परत येईलच, याचा त्या घरातही भरवसा नसे, आणि कोटाची गोष्ट वाचताना मराठी माणसाला नेमके तेच स्मरते. माधव जूलियनांच्या पत्नी लीलाबाई पटवर्धन यांचे 'आमची अकरा वर्षे' १९४५ साली निघाले, म्हणजे शिवरानीदेवींच्या पुस्तकानंतर अवघ्या एका वर्षाने. लक्ष्मीबाई कलह विनोदाच्या अंगाने सांगतात आणि स्वतःवरही हसतात. शिवरानीदेवी हसत नाहीत, त्या वाद घालतात. प्रत्येकीची रीत निराळी. पण एक गोष्ट या तिन्ही पुस्तकांत समान आहे. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे छापून आले ते पहिला पक्ष जग सोडून गेल्यावर. टिळक १९१९ मध्ये गेले, प्रेमचंद १९३६ मध्ये आणि माधव जूलियन १९३९ मध्ये. म्हणजे प्रथम पत्नी मुकी होती तेव्हा पती बोलत होता, आणि पत्नी बोलू लागली तेव्हा पती उत्तर देण्यास उरला नव्हता. सुनीता देशपांडे यांचे 'आहे मनोहर तरी' १९९० साली प्रसिद्ध झाले तेव्हा पु. ल. देशपांडे हयात होते, आणि म्हणूनच त्या पुस्तकाने एवढी खळबळ उडाली असावी. चव्हाट्यावर काही नवीन पाप आले म्हणून ती उडाली नाही. आपला आवडता लेखक आपल्याच घरात एक पक्षकार आहे, आणि समोरचा पक्ष त्याच्या देखत बोलतो आहे, हे दृश्यच वाचकांना नवीन होते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो दुर्लक्षण्यासारखा नाही. लेखकाचे घर हा समीक्षेचा विषय आहे काय? कलाकृती स्वयंपूर्ण असते. तिच्या कर्त्याच्या माजघरात डोकावणे हे अभिरुचीला सोडून आहे. या आक्षेपातील सावधगिरी मान्य केली पाहिजे. घरच्या वर्तनावरून पुस्तकाचे मोल कमी-अधिक करणे हा अन्याय होईल. पहिल्या पत्नीला टाकले म्हणून 'गोदान' लहान होत नाही, आणि मजुरांना पैसे वाटले म्हणून 'पत्नी से पति' मोठी होत नाही. परंतु येथे घराचा विचार केला आहे तो निवाडा देण्यासाठी नव्हे. ज्याला आपण कथेतील संघर्ष म्हणतो तो ऐकण्याच्या कोणत्या शक्तीतून जन्मतो, एवढेच पाहण्यासाठी तो केला आहे. आणि 'प्रेमचंद : घर में' हे काही कुजबुजीचे टिपण नव्हे. ते स्वतःच एक वाङ्मयकृती आहे. शिवरानीदेवी कथालेखिका होत्या. त्यांच्या कथा नवराच लिहून देतो, असा प्रवाद त्या काळी उठला होता आणि प्रेमचंदांनी तो फेटाळला होता. स्त्रीने धारदार लिहिले की तिच्यामागे पुरुषाचा हात शोधावयाचा, ही आपली जुनी खोड. ज्या पुस्तकात तिने त्याच पुरुषाला उलटतपासणीसाठी उभे केले त्याबद्दल मात्र तसा प्रवाद कुणाला उठविता आला नाही.

घरापासून दूर, बदलीच्या गावी राहणाऱ्या कुटुंबाला हा विषय पुस्तकी वाटू नये. नातेवाइकांचा गोतावळा मागे राहिला म्हणजे घरातील दोन माणसांचा मतभेद मिटवावयास तिसरे कुणी उरत नाही. बढती घ्यावी की मुलांच्या शाळेसाठी नाकारावी, गावाकडच्या घराचा हिस्सा सोडावा की मागावा, यांवर जे बोलणे होते त्यात दोन्ही बाजूंना तथ्य असते आणि कुणाचाही निकाल अंतिम नसतो. कादंबरीकार यापेक्षा निराळे काही पाहत नसतो. त्याने फक्त एक जादा काम पत्करलेले असते. आपल्याला नको असलेले म्हणणे शब्दशः ऐकावयाचे आणि ते आपल्या म्हणण्याइतक्याच चांगल्या भाषेत लिहावयाचे, हे ते काम होय. प्रेमचंदांना ते सावत्र आईच्या बाबतीत साधले, धनियाच्या बाबतीत फारच उत्तम साधले, आणि गोविंदीच्या बाबतीत साधले नाही. जेथे साधले नाही तेथील उणीव भरून काढणारी लेखणी त्यांच्याच घरात होती, हे त्यांचे भाग्य, आणि ती आपणांस वाचावयास मिळाली, हे आपले. 'गोदान' ज्यांच्या कपाटात आहे त्यांनी 'प्रेमचंद : घर में' हे पुस्तकही त्याच्या शेजारी ठेवावे. एकाच घरातून निघालेल्या या दोन पुस्तकांना शेजारी बसून अजून पुष्कळ बोलावयाचे आहे.